नामानिराळा निर्माता

आजचा धागा लांब आहे आणि काहीसा भांडखोरही. ज्यांना अर्व्हिंग थॉलबर्ग अतिशय प्रिय आहे, त्यांनी मन घट्ट करून वाचावे.

हॉलिवूडच्या इतिहासात एक कथा मोठ्या भक्तिभावाने सांगितली जाते. १८९९ साली ब्रुकलिनमध्ये एक मुलगा जन्मला. हृदय जन्मतःच दुबळे. फार जगणार नाही, असे डॉक्टरांचे भाकीत. युनिव्हर्सल कंपनीचे मालक कार्ल लेम्ली यांच्या कचेरीत तो सचिव म्हणून लागला आणि विशीच्या उंबरठ्यावर त्यांच्या कॅलिफोर्नियातील स्टुडिओचा कारभारी झाला. एप्रिल १९२४ मध्ये तीन कंपन्यांच्या विलीनीकरणातून एमजीएम उभी राहिली, तेव्हा वयाच्या चोविसाव्या वर्षी तो तिचा निर्मितीप्रमुख होता. सप्टेंबर १९३६ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो गेला. आणि एमजीएमच्या एवढ्या चित्रपटांपैकी एकावरही त्याने हयातीत निर्माता म्हणून आपले नाव झळकू दिले नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी कथेकऱ्यांचा कंठ दाटून येतो. स्वतःच स्वतःला दिलेले श्रेय घेण्याच्या लायकीचे नसते, अशा अर्थाचे एक वचनही त्याच्या नावावर सांगतात. केवढा हा विनय!

माझे भांडण या विनयाशी आहे. पडद्यावर नाव नव्हते, ही वस्तुस्थिती खरी. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. आपल्या भाषेत ‘नामानिराळा’ असा एक नेमका शब्द आहे. तो विनयशील माणसासाठी नसतो. सगळे घडवून आणून अंगाला काहीच लावून न घेणाऱ्यासाठी असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ‘निर्माता’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पदरचे पैसे घालून कर्जबाजारी झालेला माणूस उभा राहतो. थॉलबर्ग तसा नव्हता. तो कंपनीचा पगारदार अधिकारी होता. मात्र लुई मेयर, थॉलबर्ग आणि वकील रॉबर्ट रुबिन या त्रयीला कंपनीच्या नफ्यात वाटा होता, आणि महामंदीतही नफ्यात राहिलेला मोठा स्टुडिओ म्हणजे एमजीएमच. कथा, नट, दिग्दर्शक, संकलन या सर्वांवर अखेरचा शब्द थॉलबर्गचा. नाव नसले, तरी सही त्याचीच.

त्याची कामाची पद्धत अशी : चित्रपट तयार झाला की तो अनोळखी प्रेक्षकांना आगाऊ दाखवायचा, ते कुठे हसतात, कुठे चुळबुळतात ते पाहायचे, आणि मग दृश्ये पुन्हा चित्रित करायची. या पद्धतीतून चांगले चित्रपट निघाले, हे मी नाकारत नाही. ‘द बिग परेड’, ‘ग्रँड हॉटेल’, ‘म्यूटिनी ऑन द बाउंटी’ ही नावे कोणी पुसू शकत नाही. पण याच पद्धतीने १९३२ साली ‘फ्रीक्स’चा सुमारे तिसरा हिस्सा कापला गेला आणि कायमचा हरवला. (तो विलक्षण चित्रपट काढू देण्याचे धाडसही थॉलबर्गचेच होते, हेही लिहून ठेवतो.)

त्याआधीचे ‘ग्रीड’चे प्रकरण तर सर्वांना ठाऊक आहे. फ्रँक नॉरिसच्या कादंबरीवर एरिक फॉन श्ट्रोहाइमने गोल्डविन कंपनीसाठी हा मूकपट काढला. पहिला आराखडा चाळीसहून अधिक रिळांचा. तो पुरा होईतो कंपनी एमजीएममध्ये विलीन झाली आणि चित्रपट थॉलबर्गच्या हाती आला. याच थॉलबर्गने १९२२ साली युनिव्हर्सलमध्ये श्ट्रोहाइमला चालू चित्रपटावरून काढून टाकले होते. ‘ग्रीड’ अखेर दहा रिळांच्या आसपास आला. उरलेले नष्ट झाले. श्ट्रोहाइम उधळा होता, हट्टी होता, आठ तासांचा चित्रपट कोणत्याही थिएटरात चालला नसता, सगळे मान्य. पण आज ‘ग्रीड’ पाहणारा माणूस पडद्यावर श्ट्रोहाइमचे नाव वाचतो. कथेतले खड्डे त्याच्या नावावर जमा होतात. ज्याच्या हुकमाने कात्री चालली, तो नामानिराळा.

लेखकांबाबत हे अधिक उघडपणे दिसते. एकाच पटकथेवर अनेक लेखक, पुष्कळदा एकमेकांच्या नकळत, कामाला लावायचे ही थॉलबर्गची रीत. शेवटी पडद्यावर कोणाचे नाव लावायचे, ते स्टुडिओ ठरवणार. मार्च १९३३ मध्ये स्टुडिओंनी पगार निम्मे केले, तेव्हा लेखकांच्या संतापाला तोंड फुटले आणि ‘स्क्रीन रायटर्स गिल्ड’ उभी राहिली. त्या कपातीचे खापर थॉलबर्गवर फोडू नये. डिसेंबर १९३२ मधील हृदयविकाराच्या झटक्यानंतर तो रजेवर होता, आणि त्या काळातच मेयरने त्याचे प्रमुखपद काढून घेतले. पण परतल्यावर त्याने या संघटनेला कडाडून विरोध केला. १९३६ मध्ये स्टुडिओंच्या आशीर्वादाने ‘स्क्रीन प्लेराइट्स’ ही प्रतिसंघटना निघाली, तिच्यामागे तो उभा होता. लेखकांच्या मागण्यांमधली एक मुख्य मागणी काय होती? श्रेयनामावलीवरचा हक्क. आपले नाव. नावाचा मोह नसलेल्या या सत्पुरुषाला दुसऱ्यांची नावे आपल्या मुठीत हवी होती. १९३८ साली सरकारी देखरेखीखालील मतदानात गिल्ड जिंकली. ते पाहायला तो हयात नव्हता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा धागा खरे तर १९३४ साठीच लिहिला आहे.

त्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी अप्टन सिंक्लेअर उभा होता. ‘द जंगल’ लिहून शिकागोच्या कत्तलखान्यांचे वाभाडे काढणारा तोच सिंक्लेअर. आयुष्यभराचा समाजवादी, आता डेमोक्रॅटिक पक्षात येऊन त्याने उमेदवारी जिंकली होती. बंद कारखाने आणि पडीक शेते बेकारांच्या हाती द्यावीत, त्यांनी आपल्या गरजेपुरते पिकवावे नि बनवावे, अशी त्याची योजना. चित्रपटधंद्यावर कर वाढवण्याची भाषाही तो करत होता. स्टुडिओ हादरले. राज्य सोडून फ्लोरिडाला जाऊ, अशा धमक्या निघाल्या. रिपब्लिकन उमेदवार फ्रँक मेरियम याच्या निधीसाठी कर्मचाऱ्यांकडून एका दिवसाचा पगार मागितला गेला.

यात थॉलबर्गचे काम वेगळे होते. त्याच्या देखरेखीखाली एमजीएममध्ये ‘कॅलिफोर्निया इलेक्शन न्यूज’ नावाचे तीन लघुपट तयार झाले आणि राज्यातल्या थिएटरांना फुकट पुरवले गेले. रूप वार्तापटाचे. कॅमेरा घेऊन एक माणूस रस्त्यावर उभा. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, मत कोणाला? मेरियमचे मतदार नीटनेटके, शांत, सभ्य. सिंक्लेअरचे मतदार गबाळे, गोंधळलेले, परक्या उच्चारांत बोलणारे. तिसऱ्या लघुपटात तर मालगाड्यांतून बेकारांच्या झुंडी कॅलिफोर्नियात लोटत असल्याचे चित्र. घरी रेडिओ, दारात वृत्तपत्र, पण हलती चित्रे पाहायची तर थिएटरातच. तिथे दोन चित्रपटांच्या मध्ये जे दिसते ते खरेच असणार, असे मानणारा तो प्रेक्षक. हे कोणी बनवले, हे त्याला कोणी सांगितले नाही. पडद्यावर ना एमजीएमचा सिंह, ना थॉलबर्गचे नाव.

६ नोव्हेंबरला मेरियमला सुमारे ११ लाख ३८ हजार आणि सिंक्लेअरला सुमारे ८ लाख ७९ हजार मते पडली. सिंक्लेअर केवळ या लघुपटांमुळे हरला, असे मी म्हणणार नाही. वृत्तपत्रे विरोधात होती, रूझवेल्टने पाठिंबा दिला नाही, तिसऱ्या उमेदवाराने तीन लाख मते नेली. पण चोरी यशस्वी झाली की नाही, यावर चोर ठरत नसतो.

यातला एक तपशील मला विशेष बोचतो. १९३२ साली एमजीएमने ‘द वेट परेड’ हा चित्रपट काढला, तो सिंक्लेअरच्याच कादंबरीवर. तेव्हा निर्मितीप्रमुख थॉलबर्ग होता. आणि चरित्रकार सांगतात की न्यूयॉर्कमध्ये शाळकरी वयात हाच मुलगा समाजवादी उमेदवारासाठी रस्त्यावर भाषणे करत असे. म्हणजे सिंक्लेअर काय म्हणतो, हे न समजण्याचा प्रश्नच नव्हता.

‘मँक’ हा २०२० चा चित्रपट पाहिलेले काही जण इथे हटकतील : लघुपट काढणारा दिग्दर्शक पश्चात्तापाने आत्महत्या करतो ना? तो दिग्दर्शक काल्पनिक आहे. खऱ्या लघुपटांचा दिग्दर्शक फेलिक्स फाइस्ट पुढे कित्येक वर्षे चित्रपट काढत राहिला. कोणालाही कसलाही पश्चात्ताप झाल्याचे दिसत नाही. तो नंतरच्या पिढीने सोयीसाठी चिकटवला आहे.

मग कथा एवढी गोड कशी झाली? एक, तो तरुणपणी गेला. दोन, स्कॉट फिट्झजेराल्डने ‘द लास्ट टायकून’मध्ये त्याच्यावरून मन्रो स्टार रंगवला, आणि फिट्झजेराल्डही कादंबरी अपुरी ठेवून गेला. अपुऱ्या कादंबरीतला नायक कधी म्हातारा होत नाही, कधी उघडाही पडत नाही. तीन, ऑस्कर देणाऱ्या अकादमीने निर्मात्यांसाठी थॉलबर्गच्या नावाचा पुरस्कार सुरू केला. हयातीत न लावलेले नाव ‘द गुड अर्थ’च्या सुरुवातीला अर्पणपत्रिकेत आले, तेव्हा त्याला मरून काही महिने झाले होते.

ज्यांना फिट्झजेराल्ड वाचायचा आहे त्यांनी जरूर वाचावा, गद्य सुंदर आहे. त्याच्या शेजारी सिंक्लेअरचे १९३५ चे पुस्तकही ठेवा. गव्हर्नरपदासाठी मी कसा उभा राहिलो आणि कसा आपटलो, हेच त्याचे शीर्षक आणि हाच त्याचा विषय. हरल्यावर लगेच, राग ताजा असताना त्याने ते लिहिले. आणि लिहिणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर आहे.