ऑक्टोबरला बसलेला संघ

सात-सात सामने खेळत बसायला वेळ कुणाला आहे, एकाच सामन्यात काय तो सोक्षमोक्ष लावावा, असं आमच्या घरातल्या तरुण मंडळींचं म्हणणं आहे. वाद निघाला अमेरिकेतल्या बेसबॉलवरून. (भाचा बॉस्टनला असतो. त्याच्यामुळे हा खेळ आमच्या घरात शिरला.) माझं मत अगदी उलट आहे, आणि त्याला २००४ सालची अमेरिकन लीगची अजिंक्यपद मालिका एवढा एकच पुरावा मला पुरतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिकडे दोन लीग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल. प्रत्येक लीगच्या शेवटच्या दोन संघांत ही मालिका होते, चार सामने आधी जिंकेल तो विजेता. मग दोन्हीकडचे विजेते 'वर्ल्ड सिरीज' खेळतात. १९८४ पर्यंत ही मालिका पाच सामन्यांची होती, १९८५ पासून सातांची झाली. हे दोन जादा सामने लक्षात ठेवा.

२००४ मध्ये समोरासमोर होते बॉस्टनचे रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कचे यांकीज. रेड सॉक्सनी १९१८ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलेली नव्हती. त्यानंतर लवकरच त्यांनी बेब रूथसारखा खेळाडू यांकीजना विकून टाकला, त्याचाच शाप लागला असं लोक म्हणत. (शहाणीसुरती माणसंसुद्धा म्हणत बरं का!) २००३ मध्ये याच टप्प्यावर, याच यांकीजकडून, सातव्या सामन्यात ते हरले होते. आणि २००४ मध्ये तर पहिले तिन्ही सामने गेले. तिसरा स्वतःच्या मैदानावर, १९-८ असा! जुना पाच सामन्यांचा नियम असता तर गाशा तिथेच गुंडाळला असता.

चौथ्या सामन्यात नवव्या डावापर्यंत यांकीज ४-३ ने पुढे. चेंडू मारियानो रिव्हेराच्या हातात. असे शेवटचे डाव गुंडाळण्यात त्याच्यासारखा दुसरा झाला नाही. त्याने केविन मिलरला चार चेंडू बाहेर टाकून फुकट पहिला बेस दिला. मिलरच्या जागी पळायला आला डेव्ह रॉबर्ट्स. हा त्या मालिकेत एकदाही बॅट घेऊन उभा राहिला नाही! तो दुसरा बेस चोरणार हे मैदानातल्या प्रत्येकाला कळत होतं. रिव्हेराने त्याला तीनदा पहिल्या बेसवर परत पिटाळलं. तरी पुढच्याच चेंडूला तो पळाला आणि थोडक्यात वाचला. मग बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी पोचला आणि बरोबरी झाली. मध्यरात्र उलटून गेल्यावर बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारून सामना जिंकून दिला.

पाचवा सामना चौदा डाव चालला, तोही ऑर्टिझनेच संपवला. सहाव्यात कर्ट शिलिंग घोट्याला टाके घालून उभा राहिला, मोज्यावर रक्त दिसत होतं. सातवा न्यूयॉर्कला, १०-३. तीन शून्य पिछाडीवरून सात सामन्यांची मालिका जिंकणं त्या लीगमध्ये त्याआधी कधीच घडलं नव्हतं, आणि नंतरही अजून घडलेलं नाही. २०२० मध्ये ह्यूस्टनचा संघ तीन-तीनपर्यंत आला, पण सातवा हरला. रेड सॉक्सनी मात्र पुढे वर्ल्ड सिरीजही चार सरळ सामन्यांत घेतली.

मी शिक्षिका, त्यामुळे बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही. सातही सामन्यांच्या धावा मांडल्या: यांकीज ४५, रेड सॉक्स ४१. हरलेल्यांच्या धावा जास्त! १९-८ चा तो मार मालिकेत एकाच पराभवाएवढा मोजला गेला, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. आपल्या क्रिकेटमधल्या नेट रन रेटसारखी जुनी बाकी इथे मानेवर बसत नाही. मला ही गोष्ट फार न्यायाची वाटते.

आपल्याकडे दहावीत नापास झालेली मुलं ऑक्टोबरला बसत. (२०१५ पासून ती फेरपरीक्षा जुलैमध्ये आली.) 'ऑक्टोबरवाला' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. माझ्या वर्गातली अशी कितीतरी मुलं मार्चमध्ये कच्ची नव्हती, त्या तीन तासांत कच्ची होती. त्यांना मिळालेली दुसरी संधी ही मेहेरबानी होती असं मी कधीच मानलं नाही.

भाचा म्हणतो, "अगं मावशी, सात सामने म्हणजे सातदा तिकिटं, सातदा जाहिराती. तुझा न्याय कुठला?" पैशाचं खरंच आहे, कबूल. पण २०१२ मध्ये त्यांनी सुरुवातीच्या फेरीला एकच निर्णायक सामना ठेवून पाहिला होता, आणि २०२२ पासून तिथेही तीन सामने आणले. त्यावर भाच्याचं उत्तर अजून यायचं आहे. तोवर त्याने यूट्यूबवर तो चौथा सामना पुन्हा पाहावा, निदान नववा डाव तरी.