परवाना त्यांच्या कमरेला, कट्टा आपल्या पोरांच्या माथी

सातपुडा ओलांडून खानदेशात पिस्तूल दोन वाटांनी येते. एक वाट मुंबई-आग्रा महामार्गाची. सेंधवा, पळासनेर, मग शिरपूर. काळ्या काचांच्या गाडीत साहेब बसलेले, कमरेला परवान्याचे पिस्तूल आणि परवान्यावर हद्द लिहिलेली : संपूर्ण भारत. नाक्यावर गाडी अडवली तर कागद दाखवायचा आणि पुढे जायचे. दुसरी वाट चोपड्याकडची. अनेर नदीच्या अल्याड उमर्टी, पल्याडही उमर्टी. अल्याड जळगाव जिल्हा, पल्याड मध्य प्रदेशातला बडवानी. इथून विशीतला पोरगा सॅकमध्ये गावठी कट्टा घालून दुचाकीवर निघतो. त्याच्याकडे कसलाच कागद नसतो. तो कुठल्यातरी बसस्थानकाबाहेर सापडतो आणि दुसऱ्या दिवशी दोन पोलिसांच्या मध्ये उभा असलेला त्याचा फोटो पेपरात येतो.

सीमा एकच आहे. कायदाही एकच आहे, शस्त्र अधिनियम १९५९. तरी एकासाठी ती नकाशावरची रेघ आणि दुसऱ्यासाठी तुरुंगाची भिंत का होते? फोटोतला तो पोरगा अनेकदा आपल्या वस्तीतला, आपल्या पाड्यावरचा असतो, म्हणून हा प्रश्न आम्ही विचारतो आहोत.

आधी कायदेशीर वाट नीट समजून घ्या, कारण ती आपल्याला कुणी सांगत नाही. साधे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगायचे तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. मंजुरी मिळाली की परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत होते आणि त्याला क्रमांक मिळतो. परवाना कुठल्या हद्दीत चालेल हे त्यावरच लिहिलेले असते. हद्द महाराष्ट्रापुरती असेल, तर पळासनेरच्या पुढे त्या कागदाचे संरक्षण संपते. पिस्तूल मित्राच्या गाडीत टाकून दुसऱ्या राज्यात धाडून देता येत नाही. दुसऱ्याच्या हाती द्यायचे तर दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा मालकाचा स्वतःचा वापर एवढ्याचसाठी, आणि तेही मालकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर. शस्त्रांच्या वाहतुकीवर बंधने घालण्याचा अधिकार कलम १२ ने केंद्र सरकारला दिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. मूळ विधेयकात एकच शस्त्र होते. संसदेत ओरड झाली आणि एकाची दोन झाली. ही ओरड भूमिहीनांच्या वस्तीतून आली नव्हती, हे सांगायला संशोधन लागत नाही.

आपल्या देशात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी तो हक्क घालण्याची दुरुस्ती मांडली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. म्हणजे इथे शस्त्र ही राज्याने दिलेली परवानगी आहे. मग सगळा प्रश्न एका ठिकाणी येऊन थांबतो : ही परवानगी कुणाला मिळते आणि कुणाला नाकारली जाते?

हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. १८२५ मध्ये आऊटरमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. जो भिल्ल इंग्रजांसाठी हत्यार उचलेल तो शिपाई, जो स्वतःच्या जंगलासाठी उचलेल तो दरोडेखोर, असा तो हिशेब होता. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांवर उलटला आणि एका रात्रीत राखणदाराचा लुटारू ठरला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला त्याच्या माणसांनी लढाई दिली. पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि हत्यार कुणाच्या हाती राहील हे साहेबाच्या मर्जीवर गेले. साहेब गेला, पण मर्जी मात्र इथेच राहिली.

आता कुणी म्हणेल, कायदा तर जात विचारत नाही. बरोबर आहे. कायदा विचारत नाही, ठाण्यातला अहवाल विचारतो. ज्याला शेती आहे, कारखाना आहे, पतसंस्था आहे, त्याच्या जिवाला ‘धोका’ असल्याचे चटकन पटते. ज्याच्या घरावर मिरवणुकीतून दगड आले, त्याला मात्र ‘तुमच्याकडे रक्षण करण्यासारखे आहेच काय’ असे ऐकावे लागते. मित्रांनो, शस्त्र अधिनियमाचे कलम १४, पोटकलम २ पाठ करून ठेवा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे तिथे लिहिले आहे. नकार द्यायचा तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. त्या नकारावर अपील करता येते.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे आपले कार्यकर्ते तोंडपाठ म्हणतात, पण १९९५ च्या नियमांतला नियम ३ किती जणांनी वाचला आहे? जिथे अत्याचार होण्याची शक्यता आहे तो भाग राज्य सरकारने आधीच ओळखायचा आहे. त्या भागात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे आणि घरोब्यातल्यांचे शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची आहेत. मग बेकायदा शस्त्रे जप्त करायची आणि त्यांची निर्मिती बंद पाडायची आहे. आणि त्यानंतर, गरज वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यायचे आहेत. हा क्रम लक्षात घ्या. आधी त्यांचे काढून घ्या, मग बेकायदा थांबवा, मग आमच्या रक्षणाचे बघा. इतका शहाणा नियम कागदावर आहे आणि तो कागदावरच आहे.

प्रशासन म्हणेल, परवानाधारकांची शस्त्रे जमा करणे सोपे नसते. मग निवडणूक आली की ते कसे जमते? आचारसंहिता लागली की छाननी समिती बसते, यादी निघते, नोटिसा जातात आणि पिस्तुले ठाण्यात येऊन पडतात. मतपेटीसाठी जे करता येते ते माणसाच्या जिवासाठी का करता येत नाही?

आता आपल्या पोरांशी बोलू. तरुणांनो, वाढदिवसाला कट्ट्याने केक कापून त्याची रील टाकण्यात कुठला स्वाभिमान आहे? विनापरवाना कट्टा जवळ सापडला तर २ ते ५ वर्षांची शिक्षा आहे. तो बनवला किंवा विकला तर किमान ७ वर्षे ते जन्मठेप. मित्रासाठी एक आणून दिला आणि वर चार पैसे घेतले, की विक्रेत्याचे कलम तुमच्यावर चढू शकते. ज्या नेत्याच्या मागे तुम्ही फिरता, त्याचे पिस्तूल परवान्याचे असते. तुमचे नसते. लग्नाच्या वरातीत परवान्याच्या बंदुकीतून हवेत बार काढणाऱ्यालाही २०१९ च्या दुरुस्तीने २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड ठेवला आहे. तो गुन्हा खानदेशात किती वराती बघतात आणि किती ठाणी नोंदवतात, हे तुम्हीच आजूबाजूला पाहा.

आणि हा कट्टा फिरतो कुणावर? ६ ऑक्टोबर २०१९ रोजी भुसावळला नगरसेवक रवींद्र खरात यांच्यासह पाच जणांना गावठी पिस्तूल आणि चाकूने संपवण्यात आले. नदीपलीकडून आलेले हत्यार मनुवादावर चालत नाही. ते गल्लीतल्या वैरावर चालते. एका घरात प्रेत येते आणि दुसऱ्या घरातला पोरगा आत जातो. दोन्ही घरांत आई एकटी उरते.

यावर उमर्टीच्या भट्ट्या पाडा एवढाच उपाय सांगितला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये उमर्टीत कारवाईला गेलेल्या चोपड्याच्या पथकावर हल्ला झाला आणि एका पोलिसाला सीमेपलीकडे नेले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. कारवाई व्हायलाच हवी. पण तिथले शिकलगर पिढ्यान्‌पिढ्या लोखंड तापवून शस्त्रे घडवणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाताला दुसरे काम दिले नाही तर भट्टी पुन्हा पेटेल. आणि आपण, जन्माने गुन्हेगार ठरवण्याच्या विरोधात उभे राहिलेले लोक, सबंध जमातीला शिवी देऊ शकत नाही. माल घडवणारा झोपडीत राहतो. तो विकत घेणारा, पैसा फिरवणारा कुठे राहतो, तेही पोलिसांनी शोधावे.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथे शस्त्र बाळगणे हा हक्क आहे. तरीही सामान्य माणसाने आपले पिस्तूल टपालाने पाठवण्यावर तिथे १९२७ मध्ये बंदी घातली गेली. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला द्यायचे तर ते परवानाधारक विक्रेत्यामार्फतच द्यावे लागते. पण १९६७ मध्ये ब्लॅक पँथरचे तरुण कायद्यात राहून, उघडपणे भरलेल्या बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी मलफोर्ड कायदा करून ते बंद केले. ज्यांच्यापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये आपली दलित पँथर उभी राहिली, त्यांचा हा धडा आहे. शोषिताच्या हातात हत्यार दिसले की व्यवस्थेला कायदा सुचतो.

काही जण विचारतील, बुद्धाचे नाव घेऊन परवाने कसले मागता? शस्त्रांचा व्यापार तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितला आहे आणि आम्ही तो मानतो. म्हणूनच आमची पहिली मागणी त्यांची शस्त्रे जमा करण्याची आहे. पण ज्याच्या गावात बंदूक एकाच वाड्यात आहे, त्याला अहिंसा शिकवणाऱ्याने आधी त्या वाड्यात जाऊन शिकवावी.

तेव्हा काम ठरवून घ्या. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांत माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. चालू शस्त्र परवाने किती, त्यांतले संपूर्ण भारताच्या हद्दीचे किती, अनुसूचित जाती-जमातींचे अर्ज किती आले, किती नाकारले, कोणत्या कारणाने? नियम ३ खाली कुठली गावे ओळखली, किती परवाने रद्द केले? ३० दिवसांत उत्तर आले पाहिजे. ते उत्तर घेऊन जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीत जा. ती समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसलीच पाहिजे, आणि तिचे अध्यक्ष तेच जिल्हाधिकारी आहेत जे परवाने देतात. विचारणारा एक आणि उत्तर देणाराही एकच, त्यांना टाळता येणार नाही.

बाबासाहेब धुळ्याला आले ते वकील म्हणून, न्यायालयात बाजू मांडायला. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण हजारोंनी जमतो ते त्याच आठवणीसाठी. येत्या ३१ जुलैला जाताना खिशात नियम ३ ची प्रत असू द्या. पोराच्या सॅकमध्ये काय आहे, तेही एकदा बघा.

जय भीम!