चिकनच्या दुकानांची तपासणी रोजची हवी

मटण, चिकन आणि अंडी यांविषयी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पट्ट्यात विचारले जाणारे प्रश्न ठरलेले आहेत: कोंबड्यांना वाढीची इंजेक्शने देतात का, गावरान अंडे जास्त पौष्टिक का, बर्ड फ्लू आला की चिकन सोडावे का. उत्तरे अवघड नाहीत. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरते ती निवडक पैदास आणि खुराक यांमुळे. हजारो पक्ष्यांना टोचत बसणे कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणार नाही. प्रतिजैविकांची तक्रार मात्र खरी. माणसांसाठी राखून ठेवावे असे कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. त्यावर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली. अंड्याच्या कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, बलकाचा खाद्यावर. केवळ तपकिरी म्हणून 'गावरान'चा भाव मोजणाऱ्याच्या पदरात जास्तीची प्रथिने पडत नाहीत.

बर्ड फ्लूची भीती निराधार नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे तो आढळला आणि परिसरातील हजारो पक्षी नष्ट करावे लागले. पण हा विषाणू 70 अंशांच्या उष्णतेत टिकत नाही. आजारी पक्षी हाताळणाऱ्याला धोका असतो. खदखदणारा रस्सा खाणाऱ्याला नाही.

खरा धोका रश्श्याशेजारच्या कांदा-कोथिंबिरीत असतो. ज्या सुरीने कच्चे चिकन कापले त्याच सुरीने, त्याच पाटावर कोशिंबीर चिरली, की साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू न शिजणाऱ्या पदार्थात जातात. कच्चे चिकन नळाखाली खळखळून धुतल्यानेही ते मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. (मराठी घरात हे कुणाला पटवणे कठीणच.) हळद-मीठ लावून तासन्‌तास बाहेर ठेवलेले चिकनही सुरक्षित होत नाही, ते फ्रिजमध्येच मुरवायला हवे.

घरातली सुरी घरच्यांच्या हाती असते, दुकानातली नसते. कोंबडी तिथेच कापली जाते, तिथेच सोलली जाते आणि एकाच बादलीतल्या पाण्यात एकामागून एक बुचकळली जाते. पाणीकपातीच्या दिवशी ती बादली किती वेळा बदलली जात असेल, याचा अंदाज या शहरांतल्या कोणत्याही गृहिणीला करता येईल.

शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने 2025 मध्ये 15 ऑगस्टला मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला, तेव्हा 1988 च्या ठरावाचा दाखला दिला गेला. कुणी काय खावे यावर राज्यभर वाद झाला; दुकानाच्या बादलीतले पाणी त्यात फारसे आलेच नाही. एक दिवस शटर खाली ओढून दुसऱ्या दिवशीचे मांस स्वच्छ होत नाही. बंदीचे आदेश काढण्यासाठी लागणारी तत्परता परवान्याच्या अटी पाळल्या जातात का हे पाहण्यासाठी वापरली, तर खाणाऱ्याचे भले होईल आणि न खाणाऱ्याचेही, कारण पिसे आणि आतडी नाल्यातून वालधुनी नदीत गेली की दुर्गंधी दोघांनाही येते.

उल्हासनगर महापालिका आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर या नगरपालिकांनी अन्न व औषध प्रशासनाला सोबत घेऊन चार गोष्टी तपासाव्यात: वाहते पाणी, चालू स्थितीतला फ्रिज, झाकलेला कचऱ्याचा डबा आणि त्या कचऱ्याची रोज स्वतंत्र उचल. तपासणीची तारीख आणि निकाल दुकानाच्या दर्शनी भागी लावावा. छोट्या दुकानदाराला आधी मुदत द्यावी, दंड नंतर. पाण्याची जोडणी नसेल तर ती देणे हे पालिकेचेच काम आहे. सुरुवात गटारीच्या आधीच्या आठवड्यात करावी, कारण वर्षातली सर्वांत लांब रांग तेव्हा लागते आणि घाईही तेव्हाच सर्वाधिक असते.

— एक वाचक, अंबरनाथ