समजून घ्या : ‘बाहा’च्या टीमचा कॅप्टन नेमकं काय करतो?

‘बाहा’चा निकाल लागला की कॉलेजात पहिला प्रश्न येतो, ‘गाडी कितवी आली?’ ती गाडी कोणाच्या पैशांतून आणि कोणाच्या जबाबदारीवर उभी राहिली, हे सहसा कोणी विचारत नाही. ती जबाबदारी बहुतेक वेळा वीस-एकवीस वर्षांच्या टीम कॅप्टनची असते. जबाबदारी पूर्ण, अधिकार मात्र जवळजवळ शून्य. माझ्या मते हे चित्र बदलायला हवं.

बाहा म्हणजे काय?

खडबडीत रस्त्यावर धावणारी, एकाच सीटची गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः डिझाइन करून बांधायची, अशी ही स्पर्धा. अमेरिकेत ती १९७६ मध्ये सुरू झाली. भारतात एसएई इंडियाने ती २००७ मध्ये आणली आणि इंदूरजवळचं पिथमपूर हे नाव अभियांत्रिकीच्या मुलांच्या तोंडी बसलं.

इथे फक्त वेग मोजत नाहीत. डिझाइन, खर्चाचा हिशेब आणि विक्रीचं सादरीकरण यांनाही गुण असतात. आधी सुरक्षा तपासणी होते. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, नाहीतर गाडी पुढे जात नाही. मग वेग घेणं, चढ चढणं, वळणं आणि शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत.

कॅप्टनचं खरं काम : ‘नाही’ म्हणणं

पेट्रोल गटात अनेक वर्षं सगळ्या टीमना साधारण १० हॉर्सपॉवरचं एकसारखंच इंजिन होतं, त्यात बदल करायची मुभा नाही. म्हणजे ताकद वाढवता येत नाही, वजनच कमी करावं लागतं. समजा, ड्रायव्हर धरून गाडी २५० किलोची आहे. २० किलो कमी केले, तर त्याच इंजिनवरचा भार ८ टक्क्यांनी घटतो.

पण सस्पेन्शनवाल्यांना आर्म जाड हवा असतो, ट्रान्समिशनवाल्यांना गिअरबॉक्स भक्कम हवा असतो. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं. कोणाचं किती ऐकायचं, हे कॅप्टनला ठरवावं लागतं.

त्याहून अवघड म्हणजे डिझाइन गोठवण्याची तारीख पाळणं. रोल केजचं वेल्डिंग झाल्यावर कोणी सस्पेन्शनचा एक पॉइंट हलवला, तर पाइप कापावा लागतो, ब्रॅकेट नव्याने लावावा लागतो, स्टिअरिंग पुन्हा तपासावं लागतं. चाचणीसाठी राखलेले दिवस यात जातात. न चाचणी केलेली गाडी चार तासांच्या शर्यतीत कुठे बंद पडेल, सांगता येत नाही.

मग प्रश्न कुठे आहे?

पहिला प्रश्न पैशांचा. अनेक टीममध्ये स्पॉन्सर कमी पडला की सदस्यांकडून वर्गणी काढतात. ज्याला ती परवडत नाही, तो ‘अभ्यासाचा ताण आहे’ म्हणून गुपचूप बाजूला होतो. लेथवर हात बसलेला मुलगा असा गेला, तर टीमचंही नुकसानच.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा. दिवसा लेक्चर, म्हणून काम रात्री. वेल्डिंग, ग्राइंडिंग चालू असताना अनुभवी माणूस जवळ नसेल, तर थकलेल्या मुलांची चूक डोळ्यावर किंवा बोटावर बेतते. मुलींना तर वसतिगृहाच्या वेळेमुळे अनेकदा याच कामातून बाहेर राहावं लागतं आणि त्यांच्याकडे सादरीकरण तेवढं येतं.

‘झगडू द्या, त्यातूनच शिकतात,’ असं काही प्राध्यापक म्हणतात. मुदत, वजन, नियम यांच्याशी झगडून मुलं शिकतात, हे खरंच. पण घरची ऐपत हा अभियांत्रिकीचा धडा नाही आणि भाजलेला हातही नाही.

काय करता येईल?

• सुट्या भागांचा आणि प्रवासाचा मूळ खर्च कॉलेजने उचलावा. वर्गणी ही निवडीची अट नसावी.

• वर्कशॉपच्या वेळा ठरवाव्यात. मशीन चालू असेल तोवर तंत्रज्ञ हजर हवा.

• कामाला श्रेयांक द्यावेत, म्हणजे उपस्थितीसाठी कॅप्टनला दारोदार फिरावं लागणार नाही.

• मोडलेला प्रत्येक भाग का मोडला, याची नोंद पुढच्या टीमला देणं सक्तीचं करावं. कॅप्टन पास होऊन गेला की दरवर्षी तेच धडे पहिल्यापासून गिरवले जातात.

यातलं काहीच अशक्य नाही. प्रवेशाच्या वेळी कॉलेज बाहाच्या गाडीचा फोटो अभिमानाने दाखवतं. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी तेव्हाच दोन प्रश्न विचारावेत : हिचा खर्च कोणी केला? आणि रात्री वर्कशॉपमध्ये मुलांसोबत कोण होतं?