सरकारी वर्गात पेनड्राइव्हवरचं फोटोशॉप नको

आमच्या तालुक्याच्या गावात डीटीपी, फ्लेक्स आणि पासपोर्ट फोटोची मिळून दहा-बारा दुकानं आहेत. पैसे मोजून घेतलेलं फोटोशॉप त्यातल्या एकाही दुकानात मी पाहिलेलं नाही. माझ्याकडेही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी गिंप या फोटो सुधारण्याच्या मुक्त, फुकट प्रोग्रामवर आलो, म्हणून आता उजळ माथ्याने लिहितोय. दुकानदार आपापलं बघतील. माझी मागणी जनतेच्या पैशावर चालणाऱ्या शाळा, आयटीआय आणि तंत्रनिकेतनांकडे आहे: फोटोचं काम मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवा.

१. चोरीचा पहिला धडा वर्गात मिळतो. मी शिकलो त्या क्लासमध्ये सरांनी पहिल्याच दिवशी चोरीच्या फोटोशॉपचा पेनड्राइव्ह फिरवला. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ हे त्यांचं पहिलं वाक्य. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब मात्र सांगतं, की प्रत चोरीची आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. कमाईसाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. पण आयटीआयतली पोरं कमाईसाठीच तर शिकतात!

२. ‘मग विकत घ्या की’ असं कुणी म्हणेल. विकत मिळतं कुठे? एकदा पैसे भरले की कायमचं आपलं, अशी फोटोशॉपची शेवटची आवृत्ती २०१२ ची, सीएस६. पुढच्याच वर्षी ते बनवणाऱ्या ॲडोबीने यापुढे फक्त भाड्याने, असं जाहीर केलं. भाडं थकलं की फाइल आपल्या डिस्कवर, पण ती जशीच्या तशी उघडणारा प्रोग्राम बंद. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या एका आदेशाचं कारण देऊन ॲडोबीने व्हेनेझुएलातली सगळी खाती बंद करणार असल्याचं कळवलं. महिनाअखेर सरकारी परवाना मिळाला आणि सेवा चालू राहिली. तरी मधल्या दिवसांत तिथल्या एखाद्या मासिकाच्या कचेरीत काय चाललं असेल, याचा विचार आपल्या खरेदी समित्यांनी जरूर करावा.

३. आता मराठीचं. फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाकली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी पडायची. मजकुराची एक सेटिंग बदलली की ते सुधारायचं, पण ही गोष्ट कित्येक वर्षं कित्येकांना माहीतच नव्हती. त्यामुळे आपण जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांना चिकटून राहिलो. आज ते मजकूर शोधता येत नाहीत, दुसरीकडे चिकटवले तर नुसती अगम्य चिन्हं उमटतात. गिंप अक्षरं जुळवतं ते पँगो आणि हार्फबझ या मुक्त प्रणालींवर. ‘विद्यार्थिनी’ टाइप केलं की ‘विद्यार्थिनी’च दिसतं. ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींनी केलेले मुक्ता आणि बालू हे फाँटही मुक्त परवान्याचे आहेत. म्हणजे अख्खा मराठी फलक कुणाचाही पैसा न बुडवता तयार होतो.

४. उणिवा लपवत नाही. छपाईला लागणारे सीएमवायके रंग ही गिंपची जुनी दुखरी नस. मी फोटो गिंपमध्ये सुधारतो, पान स्क्रायबस या मुक्त प्रोग्राममध्ये लावतो आणि तिथून सीएमवायके पीडीएफ काढतो. क्रिता हा दुसरा मुक्त प्रोग्राम तर थेट सीएमवायकेमध्ये काम करतं. फोटोशॉपच्या पीएसडी फाइली गिंपमध्ये उघडतात, स्मार्ट ऑब्जेक्ट मात्र जसेच्या तसे येत नाहीत. सगळ्यात जास्त छळलं ते बोटांच्या सवयीने. फोटोशॉपमध्ये बी दाबलं की ब्रश आणि पी दाबलं की पेन. गिंपमध्ये नेमकं उलटं! पहिले काही दिवस मी स्वतःलाच शिव्या घातल्या. कळा बदलून घेता येतात हे नंतर कळलं. पण नव्याने शिकणाऱ्या मुलीला ही अडचण येणारच नाही, कारण तिच्या बोटांना अजून कसलीच सवय नाही.

५. ‘फुकटचं किती दिवस टिकणार?’ असंही कुणी विचारेल. गिंप १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं. २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली. म्हणजे तीस वर्षं तर ते टिकलंच.

६. मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवणं शासकीय पातळीवर जमतं. केरळच्या सरकारी शाळांत मुलं गिंप आणि इंकस्केप हे मुक्त प्रोग्राम पाठ्यपुस्तकातून शिकतात. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये आपल्या ई-प्रशासनासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. आपल्याकडे सुरुवात अगदी छोट्या गोष्टीने होऊ शकते. अभ्यासक्रमात जिथे जिथे ‘फोटोशॉप’ लिहिलंय तिथे ‘प्रतिमा संपादन’ लिहा. प्रात्यक्षिकात काम सांगा: जुना फाटका फोटो दुरुस्त करा, पार्श्वभूमी काढा, त्यावर मराठीत दोन ओळी टाका. छापलेला कागद परीक्षकाने तपासावा, आणि प्रयोगशाळेतल्या प्रत्येक संगणकावरच्या सॉफ्टवेअरचा परवाना दाराशी चिकटवलेला असावा.