टर्मिनलची थीम बदलली, पण 'पूर्णा' तुटलेलंच: दोष फॉन्टचा की चौकटीचा?

दिवाळीत पालमला घरी गेलो होतो. दहावीतला भाचा माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून पायथन शिकतोय. टर्मिनलला त्याने ड्रॅक्युला थीम लावलेली, फॉन्टही बदललेला. दिसायला एकदम झकास! मग त्याने परभणी जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांची यादी प्रिंट केली आणि विचारलं, "मामा, मराठी असं तुटकं काहून दिसायलंय? माझं टायपिंग चुकलं का?"

'जिंतूर'ची वेलांटी 'ज'च्या आधी यायची, ती नंतर आलेली. 'पूर्णा'तला रफार 'ण'वर न चढता सुटा 'र्' होऊन बसलेला. पोराने चार फॉन्ट बदलून पाहिले होते. फरक शून्य.

कारण दोष एकट्या फॉन्टचा नाहीच. आजची टर्मिनल ॲप्स १९७८ च्या व्हीटी १०० सारख्या जुन्या यंत्रांची नक्कल आहेत. स्क्रीन म्हणजे ८० घरं रुंद, २४ ओळी उंच अशी चौकट, आणि एका घरात एक अक्षर. इंग्रजी त्यात फिट बसते. मराठीचं तसं नाही. 'पूर्णा'ची लांबी पायथनला विचारा, उत्तर येतं ६: प, ऊकार, र, हलन्त, ण, काना. डोळ्यांना मात्र अक्षरं दोनच दिसतात. मग घरं किती द्यायची?

इथे दोन कामं लागतात. एक, वेलांटी आणि जोडाक्षरं जागच्या जागी बसवणं. क्रोम, फायरफॉक्समध्ये हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, म्हणून तिथे मराठी नीट दिसते. दुसरं, एका अक्षराला किती घरं, यावर टर्मिनल आणि आत चालणारा प्रोग्राम यांचं एकमत होणं. ते झालं नाही की कर्सर भलतीकडे जातो आणि तक्त्याचे रकाने वाकडे होतात.

हा प्रश्न आज का महत्त्वाचा? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ मध्ये क्लॉड कोड, जेमिनी सीएलआय अशी एआय साधनं थेट टर्मिनलमध्ये आली. मराठीत विचारा, मराठीत उत्तर देतात. पण ते उत्तर मोडकंतोडकं दिसलं, तर शिकणारं पोरगं दोन दिवसांत इंग्रजीकडे वळणार. आणि त्याला वाटणार, आपलीच भाषा कॉम्प्युटरला चालत नाही.

हालचाल मात्र सुरू आहे. २०२३ च्या युनिकोड १५.१ ने 'र्णा'सारखं जोडाक्षर मधेच न तोडता एकच अक्षर मानायचा नियम आणला. २०२४ मध्ये विंडोज टर्मिनलच्या १.२२ प्रीव्ह्यूमध्ये अशा अक्षरसमूहांना आधार मिळाला. नियम झाला म्हणून सगळी ॲप्स लगेच सुधारत नाहीत, पण दिशा बरोबर आहे.

तोपर्यंत काय करायचं?

• आधी तोच मजकूर ब्राउझरमध्ये उघडा. तिथे नीट दिसला तर तुमचं टायपिंग बरोबर आहे, चूक टर्मिनलची.
• चौकोनी डबे दिसत असतील तर मात्र देवनागरी फॉन्टच नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित टाका. इंग्रजी फॉन्ट आहे तोच राहू द्या.
• फॉन्टचा आकार आणि ओळींमधलं अंतर थोडं वाढवा. नाहीतर वरचा रफार, खालचा उकार कापला जातो.
• फिक्या रंगांच्या थीममध्ये अनुस्वार गायब होतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत ठळक फरक असलेली थीम निवडा.
• ॲप बदलून पाहा. कोनसोल आणि एमएलटर्म आधी तपासा. चाचणीला 'जिंतूर' आणि 'पूर्णा' हे दोन शब्द पुरेत.

भाच्याच्या लॅपटॉपवर कोनसोल टाकलं. रकाने अजून थोडे वाकडेच आहेत, पण 'पूर्णा'चा रफार जागेवर आला. त्याला एवढंच सांगितलं: तुझं टायपिंग पहिल्यापासून बरोबर होतं. चौकट बनवणाऱ्यांनी आपल्या अक्षराचा विचार केला नव्हता. आता तुला पायथन येतंय ना, मग उद्या ती चौकट तूच दुरुस्त कर. यातली बरीच टर्मिनल्स ओपन सोर्स आहेत.