किलोमीटरची वही

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे हातमागाचे गाव म्हणून ओळखले जाते. येथील जुन्या मागाकडे निरखून पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. लाकडी सांगाडा आजोबांच्या काळचा असतो, फणी मधे केव्हातरी बदललेली असते, धोटा अलीकडचा असतो आणि दोऱ्या किती वेळा बदलल्या याची तर गणतीच नसते. तरीही तो माग तोच राहतो. त्याच्यावर रोज हात फिरतो, सैल झालेले वेळीच आवळले जाते, झिजलेले वेळीच काढून टाकले जाते. यंत्राच्या दीर्घायुष्याचे सारे शास्त्र या एका सवयीत सामावलेले आहे.

अशाच गावातील एका व्यापारी घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. घरचे धान्य-किराण्याचे दुकान आहे. नागपूरला शिकून परतलेला मुलगा दुकानात लक्ष घालू लागला आहे. मात्र त्याच्या मनात एक जुनी स्पोर्ट्स कूपे भरली आहे. कूपे म्हणजे दोन दारांची, ठेंगणी, मागे उतरत जाणाऱ्या छपराची मोटार. वय चौदा वर्षे, धाव एक लाख साठ हजार किलोमीटर. नवी असताना जिच्याकडे नुसते पाहणेच शक्य होते, ती आता साध्या नव्या मोटारीच्या भावात मिळते आहे. वडिलांचे म्हणणे सरळ आहे : "दारात पांढरा हत्ती बांधायचा आणि गोदामाचे काम पुढे ढकलायचे?" मुलगा म्हणतो, "बाबा, यंत्र उत्तम आहे. चाके तेवढी रुंद करायची, सायलेन्सर बदलायचा, मग बघा." ओसरीवर बसलेले आजोबा दोघांचेही ऐकून घेतात आणि एवढेच विचारतात, "त्या गाडीची वही आहे का?"

आजोबांच्या या प्रश्नाचे मोल जाणण्यासाठी एका परदेशी शिक्षकाची हकीकत उपयोगी पडते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात आयर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानशिक्षक राहत असत. ३० जून १९६६ रोजी त्यांनी ४,१५० डॉलर देऊन लाल रंगाची व्होल्वो पी १८०० एस ही स्पोर्ट्स कूपे खरेदी केली. तरुण शिक्षकाच्या खिशाला ती जडच होती. गाडी हाती येताच ते फिरावयास निघाले आणि दोन-तीन दिवसांतच सुमारे २,४०० किलोमीटर चालवून पहिल्या तपासणीसाठी विक्रेत्याच्या दारात परत उभे राहिले. त्यांची शाळा घरापासून दूर होती. जाऊन-येऊन रोज सुमारे २०० किलोमीटर होत. सुट्टी लागली की त्याच गाडीने ते देशभर हिंडत.

१९९८ मध्ये या गाडीची नोंद गिनेस विक्रमग्रंथात झाली. एकाच मालकाने बिगरव्यापारी वापरात सर्वाधिक चालविलेले वाहन म्हणून तिला हा मान मिळाला. तेव्हा तिची धाव २७ लाख किलोमीटरच्या घरात होती. सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात तिने ३० लाख मैलांचा टप्पा ओलांडला. हे अंतर सुमारे ४८ लाख किलोमीटर होते, म्हणजे पृथ्वीला विषुववृत्तावरून सुमारे १२० प्रदक्षिणा. २०१८ मध्ये गॉर्डन निवर्तले, तोवर ते ही गाडी चालवीत होते.

या विक्रमामागे कोणतेही गुपित नव्हते. निर्मात्याने दिलेल्या पुस्तिकेत जे लिहिले आहे ते ते करीत. इंजिनाचे तेल व त्याची गाळणी ठरलेल्या अंतराला बदलत, आणि त्यात चालढकल करीत नसत. वेगळा आवाज ऐकू आला की तो वाढण्याची वाट न पाहता कारण शोधत. इंजिन प्रथम उघडून दुरुस्त करण्याची वेळ आली ती सुमारे अकरा लाख किलोमीटरनंतर. त्यांनी गाडीला शर्यतीचे रूप दिले नाही. मूळची जी होती, तीच ती राखली. येथे आंधळगावच्या मागाची आठवण व्हावी.

महाराष्ट्रालाही अशा टिकाऊ गाडीचा अनुभव आहे, आणि त्याच्या उगमाशी जैन व्यापारी घराण्यातील एक नाव आहे. १८८२ मध्ये सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. मुंबईतील कुर्ल्याच्या या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि १९७० च्या दशकात तिलाच 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. १,०८९ घन सेंटिमीटरचे साधे इंजिन, सुकाणूच्या दांड्याला जोडलेला गिअरचा दांडा आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी उघडता-जोडता येईल अशी रचना. ती स्पोर्ट्स कूपे नव्हती. तरीही हौशी मंडळींनी तिच्या इंजिनात फेरफार करून ती मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत उतरविली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी मात्र तिला मूळ रूपात ठेवून रात्रंदिवस चालविले. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली. ती इतकी टिकली याचे कारण तिचा सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असे आणि तिचा कारागीर प्रत्येक गल्लीत होता. जुन्या गाडीची विश्वासार्हता अर्धी तिच्या यंत्रात असते, उरलेली अर्धी सुटे भाग व कारागीर यांच्या उपलब्धतेत असते.

हे दोन दाखले समोर ठेवून त्या घरातील कूपेचा विचार करता येतो. एक लाख साठ हजार किलोमीटर हा आकडा ऐकून वडील दचकतात, परंतु केवळ आकड्यावरून काहीच ठरत नाही. महामार्गावर संथ, सलग चाललेली गाडी शहरातील गर्दीत थांबत-थांबत चाललेल्या गाडीपेक्षा कमी झिजते. वर्षानुवर्षे छपराखाली उभी राहिलेली कमी धावेची गाडी तर अनेकदा अधिक त्रास देते. तिच्या रबरी नळ्या कडक होतात, टाकीत गंज धरतो, तेलाची बैठक मोडते. म्हणून तपासावयाची ती नोंद. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, कोणते तेल घातले. टायमिंग बेल्ट असल्यास तो केव्हा बदलला. ब्रेकचे तेल केव्हा काढले. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि अशा तेलावर उतारावर ऐन वेळी ब्रेक दगा देऊ शकतो. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष सांगतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर भेगाळते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढले आहे, म्हणून जुन्या गाडीतील इंधनाच्या नळ्या व रबरी चकत्या जाणत्याकडून तपासून घेणे हिताचे. ज्या गाडीच्या अशा नोंदीच नाहीत, तिची किंमत कितीही उतरली तरी ती महागच पडते. पावत्याविना आलेला माल कोणता व्यापारी दुकानात उतरवून घेतो?

खर्चाचाही हिशेब आधीच मांडावा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात गाडी दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचे हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्याला हा खर्च पुढच्याच वर्षी आहे. त्यात परदेशी बनावटीच्या कूपेचा एखादा भाग नागपुरातही न मिळाल्यास महिनाभर वाट पाहणे आले. म्हणून खरेदीच्या रकमेइतकेच महत्त्व दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला आहे. ती वेगळी काढता येत नसेल, तर ती गाडी परवडत नाही असेच समजावे, आणि तेव्हा वडिलांचे म्हणणे खरे ठरते.

उरतो प्रश्न हौसेचा, म्हणजे गाडी आपल्या मनासारखी सजविण्याचा. येथे कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरबदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच मर्यादा अधोरेखित केली. रंग बदलला, तर नोंदणी-पुस्तकात तशी नोंद हवी. इंजिन बदलावयाचे, तर परिवहन कार्यालयाचे नियम पाळावे लागतात. कर्णकर्कश सायलेन्सर दंडास पात्र आहे. शिवाय विमा कंपनीला न कळविलेला फेरबदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो, आणि मग वर्षानुवर्षे भरलेला हप्ता ऐन गरजेच्या वेळी कामी येत नाही.

रुंद चाकांची हौसही तपासून घ्यावी. टायर जितका रुंद, तितका तो साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो आणि रस्त्याची पकड सोडतो. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. येथील पावसाळ्यात रस्त्यावर पाणी असणे ही नित्याची बाब. टायरचा एकूण व्यास बदलला, तर वेगदर्शकही चुकीचा वेग दाखवू लागतो. ठेंगणी गाडी आणखी खाली बसविली, तर गावातील पहिल्याच गतिरोधकावर तिचे पोट घासते.

मग हौस करावयाचीच नाही काय? अवश्य करावी, पण तिचा क्रम बदलावा. आधी ब्रेक. नवे पॅड, नव्या नळ्या, ताजे तेल. मग निर्मात्याच्या मापाचे शॉक-ॲब्सॉर्बर व चांगले टायर. मग दिवे. पिवळट पडलेल्या काचा स्वच्छ करून त्यांचा झोत योग्य पातळीवर आणला, तरी रात्रीचा रस्ता वेगळा दिसू लागतो. त्यानंतर आसने. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत बहुधा चामड्याची आसने असतात. ज्या घरात चामडे वर्ज्य आहे, तेथे ती जाड सुती कापडाने किंवा कृत्रिम आच्छादनाने नव्याने मढवून घेता येतात. ही खरी आपली छाप, आणि नियमात बसणारी.

ब्रेक आणि दिवे सर्वांत आधी का, याचे उत्तर रस्त्यावरच मिळते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. आंधळगावातून रामटेकच्या शांतिनाथ जिनालयाकडे किंवा भंडाऱ्याहून नागपूरकडे पहाटे निघालेल्या गाडीसमोर धुके असते, बैलगाडी असते, सायकलवर शाळेत निघालेली मुले असतात. याच वेळी रस्त्याच्या कडेने विहार करणारे साधू-साध्वी अनवाणी चालत असतात, आणि विहारातील अपघातांच्या वार्तांनी समाज अनेकदा हळहळला आहे. जाताना, बसताना, वस्तू उचलताना जी यतना श्रावकाला सांगितली आहे, ती सुकाणूवरच्या हातालाही लागू आहे. गाडीचा आवाज दूरवर ऐकू जावा ही इच्छा बाळगणाऱ्याने ती किती अंतरात थांबते हे आधी पाहावे.

परिग्रह-परिमाणाचा विचारही येथे आपोआप येतो. वाहन हे उपभोगाचे साधन, पुनःपुन्हा वापरण्याचे. असलेली वस्तू नीट राखून तिचा पूर्ण उपयोग करणारा मनुष्य नव्या वस्तूची ओढ आपोआप कमी करतो. मात्र जुनी गाडी सांभाळण्याच्या नावाखाली दर महिन्याला नवा दिवा, नवे चाक, नवा रंग येऊ लागला, तर गाडी एकच राहते आणि परिग्रह वाढत जातो. गॉर्डन यांच्या गाडीचे मोल तिच्यावर चढविलेल्या कशातही नव्हते. बावन्न वर्षे एकच गाडी त्यांना पुरली, हे तिचे मोल.

आंधळगावच्या त्या घरात वादाचा निकाल आवाज चढवून लागू नये. विक्रेत्याकडून नोंदींची वही मागवावी, जाणत्या कारागिराकडून गाडी वर उचलून खालून तपासावी, दुरुस्तीची रक्कम वेगळी काढावी आणि गोदामाच्या पैशाला हात लावू नये. या चारही गोष्टी जमल्या, तर बाबांनी संमती द्यावी. एखादी जमली नाही, तर मुलाने ती गाडी सोडून द्यावी. तशी गाडी पुन्हा मिळते.

आणि गाडी आलीच, तर दुकानातील लाल कापडी बांधणीची एक कोरी वही आजोबांनी नातवाच्या हाती द्यावी. पहिल्या पानावर तारीख, त्याखाली किलोमीटर, त्याखाली तेल. पुढची पाने त्याने भरायची आहेत.